पीसी की प्लेस्टेशन? आधी घराचा हिशेब मांडा

चाकणच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या माणसाचा बोनस दिवाळीच्या तोंडावर खात्यात जमा होतो आणि त्याच आठवड्यात घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा विषय काढतो. वर्गमित्राकडे पीएस५ आलाय, किंवा देहू फाट्याजवळ रूम घेऊन राहणाऱ्या मावसभावाने गेमिंग पीसी जोडून घेतलाय. आळंदी, चऱ्होली, मोशी, दिघी या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत आता हे बोलणं होतं. वडील विचारतात, "केवढ्याला पडेल?" मुलगा एक आकडा सांगतो आणि चर्चा तिथेच चुकीच्या वाटेला लागते. कारण तो आकडा फक्त यंत्राचा असतो. खेळण्याचा खर्च त्यानंतर सुरू होतो.

इंटरनेटवर या वादाचं उत्तर शोधायला गेलात तर दोन्ही बाजूंचे कट्टर लोक भेटतील. त्यांचे आकडे डॉलरचे, नाहीतर तीन वर्षांपूर्वीचे. आपल्याला आपल्या घराचं उत्तर हवं आहे. त्यासाठी एकच नियम पाळा. जी वस्तू घरात नाहीतरी लागणारच होती, तिची किंमत हिशेबातून वजा करा. जी केवळ खेळण्यासाठी येणार आहे, तिची पूर्ण धरा. आणि हिशेब खरेदीच्या दिवसाचा करू नका, पाच वर्षांचा करा. हा नियम लावला की आळंदीतल्या दोन शेजारच्या घरांची उत्तरं वेगळी येतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

आधी यंत्रांकडे पाहू. सोनीचा पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, तेव्हा डिस्क घालता येणाऱ्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कच्या डिजिटल मॉडेलची ३९,९९०. पुढच्याच वर्षी दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले. २०२४ च्या एप्रिलमध्ये सडपातळ 'स्लिम' मॉडेल आलं तेही ५४,९९० आणि ४४,९९० ला. मायक्रोसॉफ्टचा छोटा एक्सबॉक्स सिरीज एस २०२० च्या नोव्हेंबरात ३४,९९० ला आला होता. दुकानात जाल त्या दिवशीचा भाव विचाराच. पण इथे एक गोष्ट लक्षात येते का पाहा. मोबाइल किंवा टीव्ही जुना झाला की स्वस्त होतो. कन्सोलच्या या पिढीत ते घडलेलं नाही. थांबलो तर किंमत उतरेल, या आशेवर बसण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. उतरते ती सवलतीच्या दिवसांत, तेवढ्यापुरती. २०२३ च्या जुलैअखेरीस काही दिवस ५४,९९० चा पीएस५ ४७,४९० ला मिळत होता. अशा दिवसांवर नजर ठेवणं हीच खरी बचत.

तेवढ्याच ताकदीचा पीसी तेवढ्या पैशात का होत नाही, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. कारण धंद्याच्या रचनेत आहे. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फार कमवत नाही, कधी तोटाही सोसते. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं होतं की एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. पैसा मिळतो तो पुढे: त्यांच्या दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागच्या सुमारे ३० टक्के वाट्यातून आणि वर्षाच्या वर्गणीतून. पीसीचं उलटं आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस, कॅबिनेट यातल्या प्रत्येक भागावर बनवणाऱ्याचा, वितरकाचा आणि दुकानदाराचा नफा सुरुवातीलाच चढलेला असतो. म्हणून पीसी आधी महाग आणि नंतर स्वस्त. कन्सोल आधी स्वस्त आणि नंतर महाग. किती नंतर, ते तुम्ही किती आणि काय खेळता यावर ठरतं.

पीसीच्या भावात सध्या आणखी एक भर पडली आहे. २०२५ च्या शेवटच्या तिमाहीपासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, चिप बनवणाऱ्यांनी उत्पादन तिकडे वळवलं आणि आपल्या १६ जीबीच्या रॅमची किंमत काही महिन्यांत दुपटीहून जास्त झाली. एसएसडीही त्याच वाटेने गेल्या. त्यामुळे यूट्यूबवरचा '५० हजारांत गेमिंग पीसी' हा जुना व्हिडिओ दाखवून मुलगा हट्ट करत असेल तर त्याला त्याच यादीचं आजचं कोटेशन दोन दुकानांतून आणायला सांगा. सहा कोअरचा प्रोसेसर, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एक टीबी एसएसडी आणि चांगल्या कंपनीचा एसएमपीएस असा पीएस५ च्या जवळ जाणारा डबा ६५ ते ८० हजारांच्या घरात धरा. त्यावर मॉनिटर साधारण १० हजार, कीबोर्ड-माउस-हेडफोन तीन-चार हजार आणि यूपीएस. यादीत हे शेवटचं नाव मुलं लिहीतच नाहीत.

यूपीएसचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. माउलींच्या पालखीच्या प्रस्थानाच्या सुमारास पहिला पाऊस येतो आणि वीज जा-ये करायला लागते, हे आळंदीकरांना सांगायला नको. संगणकाच्या दुकानात ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस पुढे केला जातो. तो जेमतेम ३६० वॉट पेलतो. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून तेवढी वीज खातात, म्हणजे लाइट जाताच यूपीएस किंचाळून बंद पडणार. हजार-अकराशे व्हीएचा लागतो आणि त्याचे पाच-सात हजार होतात. कन्सोललाही लाइट जाणं मानवत नाही, पण त्याला बहुतेक घरं चांगल्या स्पाइक गार्डवर चालवतात. एकूण टेबलावर मांडलेला नवा पीसी साधारण ९० हजारांना पडतो असं धरून चाला.

आता टीव्ही. खर्चाच्या बहुतेक तुलनांमध्ये तो आहेच असं गृहीत धरतात आणि आपल्याकडे तिथेच हिशेब चुकतो. टीव्ही आहे, पण तो कुणाचा आहे? संध्याकाळी सातला आजीचं कीर्तन, मग मालिका, मग बातम्या. वडील दुसऱ्या पाळीला असतील तर रात्री बाराला परतून जेवताना अर्धा तास तोच टीव्ही लावतात. पहिल्या पाळीला असतील तर घर दहाला झोपतं, आणि दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर बंदुकांचे आवाज चालत नाहीत. अशा घरात कन्सोल आला की तीन महिन्यांत दुसऱ्या स्क्रीनची मागणी येते. म्हणून कन्सोल घेण्याआधी घरातल्या टीव्हीचं वेळापत्रक लिहून काढा. मुलाच्या वाट्याला रोजचा तास-दीड तास येत नसेल, तर मॉनिटरचे दहा हजार आत्ताच जोडा. नवा मोठा टीव्हीच घ्यायचा विचार असेल तर एक बरी गोष्ट घडली आहे: ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कन्सोलवरचा तर २०१९ च्या जानेवारीपासूनच १८ टक्के आहे, त्यामुळे कराच्या बाबतीत पीसी आणि कन्सोल आता एकाच पायरीवर आहेत.

गेमच्या किमतीत दोघांमधला फरक सगळ्यात जास्त जाणवतो. पीएस५ च्या मोठ्या नव्या गेमची किंमत त्या पिढीच्या सुरुवातीपासूनच ४,९९९ रुपये झाली. ऊस तोडणीच्या हंगामात एका माणसाला किती दिवस राबल्यावर एवढे पैसे मिळतात, हे खेड तालुक्यातल्या वाचकाला ठाऊक आहे. एका खेळाची ही किंमत हलकी नाही. पीसीवर चित्र वेगळं आहे. स्टीम या ऑनलाइन दुकानाने २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत भाव लावायला सुरुवात केली. उन्हाळ्यात आणि डिसेंबरअखेरीस तिथे मोठे सेल लागतात, त्यात दोन-तीन वर्षं जुने गाजलेले गेम अर्ध्या-पाव किमतीत मिळतात. एपिकच्या दुकानात २०१८ पासून नियमाने फुकट गेम वाटले जातात. २०२० च्या मे महिन्यात त्यांनी जीटीए ५ सुद्धा फुकट दिला होता. स्टीमवर कुटुंबाची सोय आहे, एका घरातल्या सहा जणांपर्यंत गेमचा साठा वाटून खेळता येतो. दोन भाऊ असलेल्या घराला हे फार उपयोगी पडतं, मात्र एकच विकत घेतलेला गेम दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही.

कन्सोलच्या बाजूने एक हुकमी पान आहे, ते म्हणजे डिस्क. ४,९९९ ला आणलेली डिस्क खेळ संपवून महिन्या-दीड महिन्यात विकली तर तीन हजारांच्या आसपास परत येतात. चार मित्रांनी चार वेगळ्या डिस्क घेऊन आळीपाळीने फिरवल्या तर खर्च आणखी खाली येतो. डिजिटल गेम ना विकता येतो ना कुणाला देता येतो. म्हणून दहा हजार वाचतात या मोहाने बिनडिस्कचं मॉडेल घेऊ नका, असं मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. पाच-सहा डिस्कच्या फेरविक्रीत ते दहा हजार वसूल होतात. स्लिम मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो हे खरं, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि आपल्या बाजारात हवा तेव्हा मिळेलच असं नाही.

मग ऑनलाइन वर्गणी. विकत घेतलेला गेम कन्सोलवर इंटरनेटवरून मित्रांशी खेळायचा तर प्लेस्टेशन प्लसचं सभासदत्व लागतं. २०२३ च्या सप्टेंबरात त्याच्या सगळ्यात साध्या वर्गाचे वर्षाचे दर २,९९९ वरून ३,९४९ झाले. पाच वर्षांचे जवळजवळ २० हजार. ब्रॉडबँडचे पैसे वेगळे, ते दोन्हीकडे सारखेच. पीसीवर ही वर्गणी नाही. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना कन्सोलवरही प्लस लागत नाही, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं आणि ते उगाच वर्गणी भरत राहतात. मुलगा नेमका काय खेळतो ते विचारा. तो फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणार असेल तर चर्चाच संपली: दोन्ही फुकट आहेत, काउंटर-स्ट्राइक कन्सोलवर नाही, आणि दोन्हींना फार मोठं ग्राफिक्स कार्डही लागत नाही. एक्सबॉक्सच्या गेम पासचा मात्र दीर्घ हिशेब आजच्या दरावर मांडू नका. एका वर्गणीत शेकडो गेम ही योजना खरंच चांगली आहे, पण २०२५ च्या ऑक्टोबरात तिचे दर जगभर वाढले आणि पुढेही वाढू शकतात.

विजेबद्दल घराघरांत जेवढी भीती असते तेवढी असण्याचं कारण नाही. पीएस५ खेळताना साधारण २०० वॉट घेतो, ४३ इंची टीव्ही आणखी ८० च्या आसपास. मधल्या ताकदीचा पीसी मॉनिटरसह ३७५ वॉटपर्यंत जातो, गेमिंग लॅपटॉप दीडशेच्या आसपास. रोज दोन तास म्हणजे महिन्याचे ६० तास. कन्सोल-टीव्हीचे १७ युनिट, पीसीचे साडेबावीस, लॅपटॉपचे नऊ. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या वर दर जवळपास दुप्पट होतो हे बरोबर, पण तो दुप्पट दर फक्त १०० च्या वरच्या युनिटना लागतो, सगळ्या बिलाला नाही. पीसी आणि कन्सोल यांच्यातला फरक महिन्याला सत्तर-ऐंशी रुपयांच्या पुढे जात नाही. तेवढ्यावर निर्णय फिरवू नये.

आता दोन घरं घेऊ. आकडे गोळाबेरजेचे आहेत, तुमचे तुम्ही बदला.

पहिलं घर: मुलाला किंवा मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालाय, समजा आळंदीतल्याच एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगमध्ये, आणि राहणं देहू फाट्याच्या भाड्याच्या खोलीत आहे. लॅपटॉप लागणारच. साधा चांगला लॅपटॉप ५० हजारांचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला ७५ हजारांचा. नियमाप्रमाणे खेळण्याच्या खात्यावर फक्त वरचे २५ हजार टाका. माउस, हेडफोन, खाली ठेवायचा कूलिंग स्टँड मिळून ४ हजार. तिसऱ्या वर्षी एसएसडी वाढवणं, पंखा साफ करणं धरून ६ हजार. सेलमधले गेम वर्षाला ४ हजारांचे, म्हणजे पाच वर्षांचे २०. एकूण ५५ हजार. याच खोलीत पीएस५ आणला तर ५५ हजारांचं यंत्र, मॉनिटरचे १०, वर्षाला तीन डिस्क घेऊन-विकून ६ हजारांप्रमाणे ३०, वर्गणीचे २०: एक लाख पंधरा हजार. शेवटी यंत्र विकून १५-२० परत आले तरी लॅपटॉपवाल्यापेक्षा चाळीसेक हजार जास्त, आणि अभ्यासाचा साधा लॅपटॉप वेगळा घ्यावा लागला तो निराळाच. या घराला उत्तर स्पष्ट आहे.

त्यातही या पट्ट्याचं एक खास कारण जोडावंसं वाटतं. आपल्याकडची कितीतरी मुलं मेकॅनिकलची पदवी, डिप्लोमा किंवा आयटीआय करून चाकण, म्हाळुंगे, मरकळच्या कारखान्यांकडे बघत असतात. त्यांना ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया शिकावं लागतं, आणि मोठी असेंब्ली उघडली की साधा लॅपटॉप अक्षरशः गुडघे टेकतो. गेमसाठी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड तिथे कामाला येतं. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रं करण्याचं सॉफ्टवेअर तर फुकट आहे. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये पीसी आणि कन्सोल दोन्हींवर जगभर गेला. गेमिंग लॅपटॉप घेतला की मुलगा गेम बनवायला लागतो असं अजिबात नाही. तो बहुतेक वेळा खेळतच असतो. पण शिकायचं मनात आलंच तर पीसीवर शिकता येतं, कन्सोलवर ती वाट बंद आहे. लॅपटॉपच्या उणिवाही सांगायला हव्यात. अडीच किलोच्या आसपास वजन, चार्जरचं वेगळं ओझं, वर्गात दोन-तीन तासांत मान टाकणारी बॅटरी, आणि ग्राफिक्स कार्ड पुढे बदलता येत नाही.

दुसरं घर: चाकण किंवा मोशीतलं, आठवी-दहावीतले दोन भाऊ, भिंतीवर ४३ इंची टीव्ही, शाळेच्या कामाला जुना लॅपटॉप पुरतोय. पीएस५ चे ५५ हजार, दुसऱ्या कंट्रोलरचे ६, डिस्कच्या अदलाबदलीचे पाच वर्षांत ३०. दोघं शेजारी बसून फुटबॉल किंवा क्रिकेट खेळणार, म्हणून ऑनलाइन वर्गणी नको. ९१ हजार, शेवटी यंत्र विकलं की ७२-७५. याच घरात पीसी मांडायचा तर ९० हजार सुरुवातीलाच, गेमचे २०, जोडीने खेळायला गेमपॅडचे ३, पाच वर्षांत एखादा भाग बिघडला-बदलला त्याचे ८: एक लाख एकवीस. विकून २५ आले तरी ९६. इथे कन्सोल वीसेक हजारांनी स्वस्त पडला. मात्र मुलं ऑनलाइन खेळायला लागली आणि प्लसची वर्गणी सुरू झाली की पाच वर्षांत तो सगळा फरक त्या वर्गणीत निघून जातो. थोरला दहावीनंतर डिप्लोमाला जाणार असेल तर तोवर थांबून लॅपटॉपच घ्यावा, असं मी म्हणेन.

एवढे पैसे नसतील तर? बहुतेक घरांत नसतातच, आणि मग सेकंडहँडचा रस्ता उरतो. तो वाईट नाही, पण त्यात खड्डे आहेत.

हिंजवडीच्या आयटी कंपन्या आणि कारखान्यांची ऑफिसं जुने संगणक लॉटमध्ये काढतात. ते झाडूनपुसून १२ ते १८ हजारांना विकले जातात, आणि 'यात ग्राफिक्स कार्ड टाकलं की झाला गेमिंग पीसी' असं सांगितलं जातं. दोन गोष्टी तपासा. पहिली, कॅबिनेट लहान, चपटं आहे का. अशा डब्यात एसएमपीएस २०० वॉटच्या आसपासचा आणि कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला मोठा त्यात बसत नाही. त्यात फक्त वेगळी पॉवर वायर न लागणारं, बुटकं कार्ड चालतं, आणि तशी कार्डं कमी आणि महाग. दुसरी, प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. ऑफिसांनी डबे बाहेर काढायचं तेही एक कारण आहे. सहाव्या-सातव्या पिढीचा डबा स्वस्त वाटला तरी सोडून द्या.

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेताना ते क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये राबलेलं आहे का हे विचारा. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तशी हजारो कार्डं बाजारात उतरली. कार्ड चालू पीसीत, गेम चालवून, अर्धा तास समोर बसून बघा. मूळ बिल असेल तर उत्तम, कारण बऱ्याच कार्डांवर तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती उरलेली असू शकते. पीसीचा हा एक मोठा गुण: एक भाग गेला तर तेवढाच बदलतो. कन्सोलची वॉरंटी एक वर्षाची, आणि नंतर एचडीएमआयचं पोर्ट किंवा डिस्कचा ड्राइव्ह गेला तर अख्खं यंत्र दुरुस्तीला जातं. पीएस५ च्या आत चिप थंड ठेवायला द्रव धातू वापरलेला आहे. मोबाइल रिपेअरवाल्याला तो उघडू देऊ नका.

जुना पीएस४ पंधरा-अठरा हजारांत मिळतो आणि लहान मुलांच्या घराला तो आजही पुरेसा आहे. पण 'सोबत तीस गेम फ्री' असं म्हणणारा विक्रेता दिसला की सावध व्हा. तो जेलब्रेक केलेला असतो, गेम चोरीचे असतात आणि ऑनलाइन गेलात तर यंत्रावर कायमची बंदी येऊ शकते. पैसे देण्याआधी तुमच्या स्वतःच्या खात्याने त्यावर लॉगिन करून पाहा, एक डिस्क घालून वाचते का बघा, आणि कंट्रोलरची कांडी सोडून दिल्यावर स्क्रीनवरचा खेळाडू आपोआप सरकतो का ते दोन मिनिटं पाहा. सरकत असेल तर नव्या कंट्रोलरचा खर्च किमतीतून कमी करून मागा. निन्टेंडोचा स्विच भारतात कंपनीने अधिकृतपणे विकलेला नाही, आणि पीएस५ प्रो २०२४ च्या नोव्हेंबरात जगात आला तेव्हा वायफायच्या ६ गिगाहर्ट्झ लहरींच्या परवानगीअभावी भारताच्या वाट्याला आला नाही. अशी यंत्रं दुबई-सिंगापूरमार्गे येतात, महाग पडतात आणि इथल्या वॉरंटीचा त्यांना आधार नसतो.

हप्त्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याज माफ झालेलं नसतं; व्याजाएवढी सवलत आधी दिलेली असते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी ग्राहकाकडूनच घेतली जाते, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत हप्तेवाल्याला मिळेलच असं नाही. कंत्राटी कामगाराच्या घरात, जिथे पुढच्या सहा महिन्यांचं काम पक्कं नाही, तिथे खेळासाठी हप्ता लावू नका. हप्ता चुकला तर पुढे घराच्या किंवा गाडीच्या कर्जाच्या वेळी सिबिलमध्ये तो दिसतो.

गेम घेतल्यानंतरही खिशाला एक बारीक गळती राहते. गेमच्या आतले कपडे, बंदुकांचे रंग, दर हंगामाचा पास. दोनशे-चारशे रुपयांचे हे व्यवहार वर्षाअखेर मोठी रक्कम होऊन बसतात. बँकेचं कार्ड किंवा यूपीआय खात्याला जोडून ठेवू नका. वॉलेटचं कोड कार्ड घ्या, महिन्याची रक्कम ठरवा आणि ती संपली की संपली. प्लेस्टेशनवर मुलाच्या खात्याला खर्चाची मर्यादा पालकाला घालता येते. पैसे लावून जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर तर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदीच आणली आहे. मुलाच्या फोनवर तसलं काही दिसलं तर तो गेमिंगचा खर्च मानू नका, त्याच्याशी बसून बोला.

सध्या मुलांच्या घाईमागे जीटीए ६ आहे. त्याची तारीख २६ मे २०२६ वरून १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली, आणि तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांवर जाहीर झाला आहे, पीसीसाठीची तारीख दिलेली नाही. त्याआधीचा जीटीए ५ कन्सोलवर २०१३ ला आला आणि पीसीवर २०१५ ला. एका गेमसाठी यंत्र निवडायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हा गेम अठरा वर्षांवरच्यांसाठीचा असतो, हे नववीतल्या मुलाच्या आईवडिलांनी आधी वाचावं.

यंत्र घरात आणण्याआधी एक स्वस्त परीक्षा घेता येते. पिंपरी, निगडी, वाकडच्या बाजूला गेमिंग कॅफे आहेत, तासाला साठ ते शंभर रुपयांत पीसी आणि पीएस५ दोन्ही खेळायला मिळतात. पुण्यात कन्सोल आठवड्याच्या भाड्यानेही मिळतो. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी मुलाला घेऊन जा, त्याला दोन्ही खेळू द्या आणि तुम्हीही शेजारी बसा. मग घरी येऊन त्यालाच कागद-पेन द्या: आवडीचे तीन गेम, दोन्हीकडचे त्यांचे भाव, टीव्हीचं वेळापत्रक, पाच वर्षांची बेरीज. तो कागद त्याने स्वतः पूर्ण केला आणि महिन्याभराने त्याचं मत तेच राहिलं, तर दसऱ्याच्या सवलतीत, हातातल्या पैशाने, सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घेऊन खुशाल घ्या.